कोकणात गाडी लावताय? आधी बघा ती जागा रिकामी का आहे

तुम्ही विचारलंय की पुण्याहून दोन कुटुंबं मिळून दापोली, गुहागर, गणपतीपुळे करत मालवणपर्यंत यायचंय, गाडी नवीन एसयूव्ही आहे, तर पार्किंगला कुठे कुठे सांभाळायचं, दंड कुठे बसतो, आणि फोर बाय फोर असल्यामुळे बीचवर गाडी उभी केली तर चालेल ना. माझं गुहागरकडे गॅरेज आहे आणि जोडीला क्रेन, त्यामुळे चुकीच्या जागी लावलेली गाडी हा माझा धंदाच आहे म्हणा ना. तरी पण फुकटात सांगतो, कारण सीझनला आम्हाला पण झोप पाहिजे असते.

पुण्यामुंबईत रिकामी जागा दिसली की माणूस खूष होतो आणि गाडी घुसवतो. इकडे रिकामी जागा दिसली की आधी बघायचं ही रिकामी का आहे. गावात पण घरटी गाड्या झाल्यात आता, त्यांना ती जागा दिसत नाही असं नाही. तिथे एकतर पाणी येतं, नाहीतर दरड येते, नारळ पडतो, किंवा ती कोणाच्या तरी रोजच्या कामाची असते. शेजारच्या टपरीवर किंवा ओट्यावर बसलेल्या कोणाला पण एक विचारायचं, "काका, इथे लावली तर चालेल काय?" एवढं विचारणारे माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून क्वचित येतात.

आता पुळणीचं, म्हणजे बीचच्या वाळूचं. सरळ सांगतो, गाडी नेऊ नका. बऱ्याच किनाऱ्यांवर वाहन नेण्यास मनाई असा बोर्ड असतो, तो लोकांना फोटोच्या मागे दिसतो पण वाचायला होत नाही, आणि बीचवर गाड्या पळवणाऱ्यांवर गुन्हे पण दाखल झालेले आहेत. त्यात वेळास, आंजर्ले ह्या बाजूला ऑलिव्ह रिडले कासवं नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत वाळूत अंडी घालतात, ती वरून दिसत नाहीत, आणि चाकांच्या चाकोरीत पिल्लू अडकलं तर ते समुद्रापर्यंत पोचत नाही. वन्यजीव कायद्यात हे कासव शेड्यूल एकमध्ये आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत, तेव्हा हे प्रकरण पाचशे रुपयाच्या पावतीवर मिटणारं नाही.

आणि फोर बाय फोरचं म्हणाल तर ती गाडी चालताना उपयोगाची, उभी असताना नाही. उभ्या गाडीचं काय होतं ते मी बघितलंय तसं सांगतो. ओहोटीला ओली वाळू एकदम डांबरासारखी घट्ट लागते, त्यामुळे लोक बिनधास्त खाली नेतात आणि जेवायला जातात. भरती चढायला लागली की पहिली लाट नुसती टायरला शिवून जाते, पण परत जाताना टायरच्या कडेची वाळू घेऊन जाते. दहा-पंधरा लाटांत चाकाभोवती खळगा होतो, गाडी त्यात बसते, मग अजून वाळू सुटते, आणि बघता बघता गाडीचं पोट वाळूला टेकतं. पोट टेकलं की चार चाकं फिरोत नाहीतर आठ फिरोत, गाडी जागची हलत नाही. मग मालक पळत येतो आणि पहिलं काम काय करतो तर ॲक्सिलरेटर दाबतो, म्हणजे उरलीसुरली वाळू पण उडाली. पाणी सीटपर्यंत आलं की मग इंजिन सोडाच, वायरिंग, कंट्रोल युनिट, बेअरिंग, ब्रेक, सगळीकडे मीठ जातं. वरून धुवून गाडी चालू होते पण आतून कनेक्टर हिरवे पडत जातात आणि पुढे महिनोनमहिने एकेक फॉल्ट येत राहतो. इन्शुरन्सचा सर्व्हेअर पहिला प्रश्न विचारतो की गाडी तिथे गेलीच कशी.

भरतीची वेळ मोबाईलवर मिळते, पण रेंज नसेल तर इकडची जुनी रीत सांगतो. तिथीचा आकडा घ्या आणि पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार, पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या आसपास भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. ठोकळ हिशेब आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण जीव वाचवायला पुरतो. आता गंमत बघा, संकष्टीला लोक गणपतीपुळ्याला सकाळी नऊच्या सुमाराला पोचतात तेव्हा बरोब्बर सुकती, म्हणजे ओहोटी, असते, पुळण मैदानासारखी मोठी दिसते, मग दर्शन, पोहणं, जेवण, आणि दुपारी गाडीकडे येतात तेव्हा मैदान गायब. दुसरं म्हणजे पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासाला फारसं कळत नाही, तिसऱ्या-चौथ्या तासाला अक्षरशः धावत येतं. अमावस्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे एकदोन दिवस उधाण, तेव्हा नेहमीच्या रेषेच्या पुष्कळ वर येतं, अष्टमीच्या आसपास भांग असतो तेव्हा कमी. देवबागसारख्या ठिकाणी तर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, तिथे एक आजोबा दरवर्षी येईल त्या पर्यटकाला सांगत असतात, "ओ, गाडी काढा हयसून, पाणी येतला." त्यांचं ऐका, त्यांना ॲप लागत नाही.

पुळण नको म्हणून लोक मग मागच्या सुरूच्या बनात घालतात. तिथे भरती येत नाही हे खरं, पण सुरूचा पाला वरून गादीसारखा आणि खाली भुसभुशीत कोरडी वाळू, त्यामुळे गाडी आत जाते सहज आणि येताना रुतते. रुतलीच तर रेस करू नका, टायरची हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवा, चाकापुढची वाळू हाताने काढा, खाली नारळाच्या झावळ्या घाला, आणि दुसऱ्या गिअरला हळू काढा, बहुतेक वेळा निघते. वर रस्त्याला लागल्यावर हवा भरायला मात्र विसरू नका.

आता एक गोष्ट जी बाहेरच्या माणसाला कळणं शक्यच नाही. गावाच्या शेवटाला, देवळापाशी किंवा शाळेपाशी, एकदम मस्त गोल मोकळी जागा दिसते, सपाट, सावली, झाडून स्वच्छ. ती एसटी वळवायची जागा असते. आमच्याकडे कित्येक गावांना अजून वस्तीची गाडी येते, रात्री येऊन मुक्काम करते आणि सकाळी सहा-साडेसहाला सुटते. तुम्ही तिथे एसयूव्ही लावून होमस्टेला झोपलात की रात्री ड्रायव्हरला बस वळवता येत नाही, मग तो कंडक्टरला मागे उभा करून अंधारात तो अरुंद उतार रिव्हर्स उतरतो, एका बाजूला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि दुसऱ्या बाजूला पऱ्ह्या, म्हणजे ओढा. सकाळी त्याच गाडीला कॉलेजची पोरं असतात, तालुक्याला दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसं असतात, मासळीवाल्या असतात. मग अख्खा गाव तुमचा होमस्टे शोधत फिरतो आणि जे ऐकायला मिळतं ते पोलिसांच्या दंडापेक्षा भारी असतं. ओळखायचं कसं, तर मातीत मोठ्या टायरचे अर्धगोल वळलेले वण बघा, ते दिसले की समजायचं.

वाडीतल्या रस्त्यांचं पण तसंच. दोन गडग्यांच्या मधून जेमतेम एक टेम्पो जाईल एवढी वाट, त्यात कोणाच्या बेड्यासमोर, म्हणजे आवाराच्या फाटकासमोर, लावू नका, बेडं बंद दिसलं म्हणजे आत कोणी राहत नाही असं नसतं, आंब्याच्या सीझनला तिथूनच पेट्या भरून गाडी निघते आणि हापूसला तुमच्यासाठी थांबायला वेळ नसतो. पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, तोंडाशी पण नको. वरच्या घरातल्या आजारी माणसाला खुर्चीत बसवून पाखाडीनेच खाली आणतात आणि १०८ ची ॲम्ब्युलन्स तिथेच येऊन लागते. गणपतीत तर सगळे चाकरमानी गाड्या घेऊन आलेले असतात, तेव्हा विसर्जनाच्या वाटेवर गाडी सोडून गायब होऊ नका, आख्खी मिरवणूक डोक्यावर मूर्ती घेऊन तुमच्यासाठी ताटकळते.

घाटांत फोटोसाठी थांबण्याचा रोग सगळ्यात वाईट. आरे-वारेला चढावर वळण घेतलं की खाली निळा समुद्र दिसतो आणि सगळ्यांचे पाय एकाच वेळी ब्रेकवर जातात. मागून येणाऱ्याला वळणाआड काय उभं आहे ते दिसत नाही, आणि एका बाजूला दार उघडून पोरं बाहेर. थांबायचंच तर वळण संपून सरळ भाग आल्यावर, पूर्ण डांबराबाहेर. आंबोलीला धबधबा रस्त्याला लागूनच आहे, पावसाळी शनिवार-रविवार तिथे दोन्ही बाजूला गाड्या लावल्या की मधून बस जात नाही, शिवाय माकडं वायपरची रबरं उपटतात ते वेगळं. पावसात डोंगर कापलेल्या बाजूला अजिबात उभे राहू नका, मग तो परशुराम घाट असो, कुंभार्ली असो, आंबा असो. रस्त्यावर बारीक खडे पडलेले दिसले, कड्यातून एकदम लाल गढूळ पाणी यायला लागलं किंवा झाडं रस्त्याकडे कलंडलेली दिसली तर चहा पुढच्या गावात प्या. कशेडीच्या बोगद्यात तर बिघाड सोडून थांबायचं कारणच नाही, आणि बिघाड झालाच तर इंडिकेटर चारी चालू, माणसं आधी बाहेर कडेला, मग फोन. हायवेला १०३३ आणि पोलिसांना ११२.

साईडपट्टीवर पावसाळ्यात डोळे मिटून चाक घालू नका. वरून हिरवंगार गवत आणि खाली गटार, असा प्रकार पावलोपावली आहे. लाल माती भिजली की साबणासारखी होते, गाडी उभी असते आणि तासाभराने बघावं तर एका बाजूने गटारात. आधी खाली उतरून पायाने दाबून बघायचं, चप्पल रुतली तर चाक पण रुतणार.

कायद्याचं थोडक्यात सांगतो कारण ते तुम्ही विचारलंय. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२२ म्हणजे दुसऱ्याला धोका, अडथळा किंवा त्रास होईल अशी गाडी सार्वजनिक जागी सोडायची नाही, इथे नो पार्किंगचा बोर्ड असलाच पाहिजे असं काही नाही, हे लोकांना पटत नाही पण तसंच आहे. कलम १२६ म्हणजे ड्रायव्हर सीटवर लायसन्सवाला माणूस नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला पाहिजे, एसी चालू ठेवून पोरांना गाडीत बसवून वडापाव आणायला जाणाऱ्यांनी हे वाचावं. कलम १२७ मध्ये नो पार्किंगला लावलेली किंवा दहा तासांपेक्षा जास्त बेवारस सोडलेली गाडी पोलीस उचलू शकतात किंवा जॅमर लावू शकतात. दंड साधारण पहिल्यांदा ५०० आणि परत सापडलात तर १५००, टोइंगचे पैसे वेगळे. २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशनप्रमाणे चौकापासून पन्नास मीटरच्या आत, फूटपाथवर, झेब्रावर, बस स्टॉपजवळ, शाळा-हॉस्पिटलच्या गेटसमोर, दुसऱ्या उभ्या गाडीला खेटून समांतर, कोणाच्या फाटकासमोर, हे सगळं बंद. शिवाय भारतीय न्याय संहितेत कलम २८५ आहे, रस्त्यात अडथळा केला तर ५००० रुपयांपर्यंत दंड. पण खरी भीती दंडाची नाही. रात्री वळणावर तुमच्या उभ्या गाडीवर कोणी बाईकवाला येऊन आदळला तर कोर्ट तुमच्या निष्काळजीपणाचा पण हिस्सा धरतं, मी तर उभा होतो हे तिथे चालत नाही.

पावसाळ्यात येणार असाल तर बाजारपेठांबद्दल एक सांगायलाच पाहिजे. कोकणातली जुनी शहरं नदी आणि खाडी बघून वसलेली, कारण माल गलबतातून यायचा. त्यामुळे चिपळूणला वाशिष्ठी, खेडला जगबुडी, महाडला सावित्री, संगमेश्वरला शास्त्री, राजापूरला अर्जुना आणि कोदवली ह्या नद्या पेठेच्या अंगाला लागूनच. वर सह्याद्रीत पाऊस कोसळतो आणि त्याच वेळी खाली भरती असली की नदीचं पाणी समुद्रात जायला वाटच मिळत नाही, ते मागे फिरून पेठेत शिरतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला रातोरात पाणी भरलं, गाड्या एकमेकांवर चढलेल्या लोकांनी बघितल्यात. राजापूरच्या जवाहर चौकात तर पाणी जवळजवळ दर पावसाळ्यात येतं, तिथले दुकानदार सवयीने माल वर हलवतात. दुकानदार माल हलवायला लागले की तुम्ही गाडी हलवा, हवामान खात्याची वाट बघू नका. आणि पाण्यात बुडालेली गाडी चावी फिरवून बघूया म्हणून चालू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जे काम धुवून-पुसून, ऑईल बदलून झालं असतं त्याचं इंजिन उतरवायचं काम होतं. साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागतं.

उन्हाळ्यात उलटं, पाणी नाही तर आग. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ पठारावर, डिसेंबरनंतर गवत कडकडीत वाळतं, आणि पंचवीस-तीस किलोमीटर चालवून आणलेल्या गाडीचा सायलेन्सर, त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इतका तापलेला असतो की गुडघाभर गवतावर लावली तर गवत पेटतं. बीएस सहा डिझेल गाडी असेल आणि डीपीएफ रीजनरेशन, म्हणजे धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळायचं काम, चालू असेल तर अजूनच. वणवा लागला की तुमची गाडी तर जातेच, पण बाजूची आंब्याची कलमं पण जातात आणि एक कलम धरायला किती वर्षं जातात ते बागवाल्याला विचारा. तेव्हा सड्यावर उघडा कातळ बघूनच लावा. पण तिथे पण एक पाय खाली ठेवून बघा, कारण उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, कशेळी ह्या बाजूच्या सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं, आहेत, युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ ला गेलेली, आणि सगळ्यांभोवती कुंपण नाही. नाहीतर पार्किंग म्हणून तुमची गाडी कोरलेल्या हत्तीच्या पोटावर उभी राहायची.

नारळाखाली लावू नका हे सगळ्यांना माहिती असतं तरी सावली बघून लावतातच. नारळाला डोळे असतात, माणसाच्या डोक्यावर पडत नाही असं आमच्याकडे म्हणतात, विंडस्क्रीनबद्दल तसं काही कोणी म्हटलेलं नाही. आणि नारळ चुकला तर झावळ पडते, ती देठाकडून पडली की बॉनेटला पोचा ठरलेला. फणसाखाली मे महिन्यात लावणाऱ्याला मी काय सांगणार. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर ह्यातलं काहीच मिळत नाही हे ध्यानात ठेवा.

बंदरावर, म्हणजे हर्णै म्हणा मिरकरवाडा म्हणा, लिलाव बघायला जरूर जा पण गाडी लांब लावून चालत जा. तिथे बर्फाचे आणि मासळीचे टेम्पो घाईत असतात, उशीर झाला की माल खराब, त्यामुळे तुमच्या आरशाची ते काळजी करणार नाहीत. फेरीबोटीला, दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळला, रांग सोडून उताराच्या रॅम्पवर पुढे जाऊन थांबू नका. खालच्या भागावर शेवाळ असतं, हँडब्रेक लावला तरी चाक घसरतं. बोटीवर चढलात की इंजिन बंद, हँडब्रेक आणि गाडी गिअरमध्ये.

उतारावर लावायची वेळ इकडे सारखीच येते. चढाकडे तोंड असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स, आणि पुढची चाकं अशी वळवून ठेवा की सुटलीच तर डोंगराच्या बाजूला जाऊन टेकेल, दरीकडे नाही. चाकाला जांभ्याचा चिरा लावा, तो घसरत नाही. पण निघताना तो चिरा उचलून कडेला टाका. लोक चिरा रस्त्यातच ठेवून जातात आणि रात्री त्यावर बाईक आपटते, ह्या कामासाठी मला क्रेन काढावी लागत नाही पण ॲम्ब्युलन्स बोलवावी लागते.

शेवटचं काम घरून निघताना करा. टूलकिटमध्ये एक जाड लोखंडी आंकडा असतो, टो हुक, बहुतेकांना तो कशाचा तेच माहीत नसतं. पुढच्या बंपरला चौकोनी झाकण असतं ते काढून तो आत पूर्ण पिळून बसतो. तो एकदा बसवून बघा, झाकण कुठलं ते माहिती करून घ्या. कारण ट्रॅक्टरवाला दोर घेऊन येतो तेव्हा हुक सापडला नाही तर तो दोर सस्पेन्शनच्या आर्मला बांधतो, गाडी वाळूतून निघते पण आर्म वाकून येतो. आणि काचेच्या आत मोबाईल नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, रेंज असलेला, कारण तुमच्या होमस्टेला बऱ्याच वेळा एकाच कंपनीची रेंज येते, कुठल्या ते बुकिंग करतानाच विचारून घ्या.